एसआयपी खर्चात, सुवर्णरोखे दागिन्यांत

सदर : घरचा हिशेब

नमस्कार मॅडम,

आम्ही इंदिरानगरला राहतो. मिस्टर अंबडच्या एका कंपनीत आहेत, मी घरी शिकवण्या घेते. दोघांचे मिळून महिन्याला 1,05,000 रुपये हातात येतात. गेल्या एप्रिलपासून वही सोडून मी कॉम्प्युटरवर हिशेब ठेवते. बँकेचं स्टेटमेंट टाकलं की सॉफ्टवेअर आपोआप कॅटेगरी लावतं. मार्चअखेर वर्षाचा अहवाल काढला, तर महिन्याचा सरासरी खर्च 97,000 आणि शिल्लक 8,000! मिस्टर म्हणाले, "एवढं कमवून आठच हजार उरत असतील तर आधी त्या एसआयपी बंद कर." तेव्हापासून घरात हाच विषय. या 97,000 मध्ये 5,000 च्या चार एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा जाणारे हप्ते), पीपीएफचे 5,000 आणि घराचा हप्ता 24,000 (त्यात मुद्दल साधारण 9,000) आहे. एसआयपीतली एक अमेरिकन शेअर्सच्या फंड ऑफ फंड्सची (दुसऱ्या फंडांत पैसे लावणाऱ्या फंडाची) आहे.

सासऱ्यांचे पैसेही मीच बघते. ते नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेत. सिनियर सिटिझन योजनेत त्यांचे 15 लाख आहेत आणि एका बॅलन्स्ड अ‍ॅडव्हान्टेज (शेअर आणि स्थिर गुंतवणूक मिसळलेल्या) फंडात 6 लाख. पण त्यांच्या पानावर सॉफ्टवेअर म्हणतं, 100 टक्के गुंतवणूक शेअरमध्ये! दिवाळीत मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि गळक्या स्लॅबचं काम यासाठी त्याच फंडातून 3,00,000 काढले (2019 मध्ये 2,10,000 ला घेतलेली युनिटं), ते 'उत्पन्न' म्हणून लागलेत. सासरे रोज विचारतात, तीन लाखांवर टॅक्स भरायचा का? त्यांचे 20 ग्रॅमचे सुवर्णरोखे 'दागिने' या सदरात बसलेत. सगळं पुसून नव्याने भरू का? माहेर निफाड तालुक्यातलं, घरात हिशेबाची सवय आहे, पण इथे डोकं चालेनासं झालंय.

एक वाचक, नाशिक

*

ताई,

पुसू नका, आणि एसआयपीही बंद करू नका. या दोन गोष्टी आज ठरवा, बाकीचं सावकाश करता येईल.

तुमचे आकडे मी कागदावर मांडून पाहिले. पैसा जागच्या जागी आहे, चुकलीय ती त्याच्यावर लावलेली चिठ्ठी. पण त्या चिठ्ठीमुळे घरात भांडण होतंय आणि एका निवृत्त माणसाची झोप उडालीय, म्हणून मी हे किरकोळ समजत नाही.

चूक कशी झाली ते आधी बघू. सॉफ्टवेअरच्या हाती येतं ते फक्त बँकेचं स्टेटमेंट. त्यात त्याला दिसतं की 5 तारखेला खात्यातून 5,000 गेले. समोर नाव असतं 'इंडियन क्लिअरिंग कॉर्पोरेशन' किंवा नुसतं 'एसीएच डेबिट'. बीएसईच्या (मुंबई शेअर बाजाराच्या) प्रणालीतून जाणाऱ्या एसआयपी स्टेटमेंटमध्ये अशाच दिसतात, फंडाचं नाव कुठेच नसतं. सॉफ्टवेअरने हे नाव किराण्यात शोधलं, पेट्रोलमध्ये शोधलं, सापडलं नाही म्हणून 'इतर खर्च' मध्ये टाकलं. पीपीएफचंही तेच झालं. एकदा तुम्ही 'ठीक आहे' म्हटलंत की पुढचे अकरा महिने ते त्याच वाटेने गेलं.

आपल्याकडच्या जुन्या हिशेबनिसांकडे यासाठी नेमका शब्द होता, रक्कम 'वर्ग' करणे. बचत खात्यातून काढून पीपीएफला वर्ग केली, फंडाला वर्ग केली. जे वर्ग झालं ते खर्चात कधीच येत नसे, कारण एका खात्याला नावे पडलं तर दुसऱ्याला जमा होतंच. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये यालाच 'ट्रान्सफर' म्हणतात. खर्च म्हणजे जो पैसा घरातून गेला आणि परत येणार नाही तो. दूधवाला, वीजबिल, मुलांची फी, कर्जावरचं व्याज हा खर्च. एसआयपी त्यात बसत नाही.

आता तुमचा महिना पुन्हा मांडू. 97,000 मधून एसआयपीचे 20,000 आणि पीपीएफचे 5,000 बाजूला काढले की उरले 72,000. म्हणजे तुम्ही महिन्याला 8,000 नाही, 33,000 मागे टाकताय, उत्पन्नाच्या 31 टक्के. पुढे जाऊन हप्त्यातलं 9,000 मुद्दलही वेगळं काढा. ते कर्ज कमी करतं, म्हणजे तुमची मालमत्ताच वाढवतं. खरा खर्च 63,000 आणि संपत्तीत दरमहा भर 42,000, बरोबर 40 टक्के. घर चालवून, कर्ज फेडून चाळीस टक्के मागे टाकणारं घर उधळं नसतं. हे मिस्टरांना आकड्यांनिशी दाखवा.

मात्र त्यांचं म्हणणं उडवून लावू नका. बँकेत महिनाअखेर 8,000 च उरतात हेही खरंच आहे. पीपीएफचे पैसे पंधरा वर्षांसाठी आत गेलेले असतात, मधे मिळतात ते ठरावीक अटींवर. घराचं मुद्दल तर भिंतीत आहे. उद्या कंपनीत दोन महिने पगार लांबला तर 42,000 ची भर कामाला येणार नाही, बँकेतली शिल्लकच येईल. म्हणून अहवालात दोन आकडे शेजारी ठेवा : संपत्तीत किती भर पडली, आणि हाताशी किती उरलं. तुम्ही दोघं आजवर एकाच आकड्यावरून भांडत होतात, आणि तो आकडा या दोन्ही प्रश्नांचं उत्तर नव्हता. हाताशी चार-पाच महिन्यांचा खर्च नसेल, तर एक एसआयपी काही महिने लिक्विड फंडाकडे (लागतील तेव्हा पटकन काढता येणाऱ्या फंडाकडे) वळवायला माझी हरकत नाही. पण तो निर्णय खऱ्या आकड्यावर घ्या.

आता कॅटेगरीचा मूळ गुंता. तुमचं माहेर निफाडचं, म्हणून कांद्याचंच उदाहरण घेते. चाळीसमोर ढीग पडलाय. कुणी विचारलं, "कांदा कसला?" तर एक जण म्हणेल 'उन्हाळ', दुसरा म्हणेल 'गोल्टी', तिसरा म्हणेल 'थोरल्या भावाच्या चाळीतला'. तिघंही खरं बोलतायत, कारण तिघांनी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. उन्हाळ की लाल, यावरून कळतं तो किती दिवस टिकेल. गोल्टी की मोठा, याला अर्थ येतो लासलगावला लिलावात उभं राहिल्यावर. आणि चाळ कुणाची, यावरून ठरतं पैसे कुणाच्या हातात पडणार. उन्हाळ कांदा गोल्टीही असतो. एक उत्तर दिलं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही.

गुंतवणुकीलाही असेच तीन प्रश्न विचारायचे असतात. कुणाच्या नावावर आणि कुठल्या खात्यात आहे? तिचा स्वभाव काय, शेअरसारखी वर-खाली होते की ठेवीसारखी स्थिर, की सोन्यासारखी? आणि विकली तर कर कुठल्या नियमाने लागेल? सॉफ्टवेअरमध्ये 'कॅटेगरी' नावाचा एकच रकाना समोर येतो आणि आपण तिन्ही उत्तरं त्यात कोंबायला बघतो. तुमच्या सासऱ्यांच्या पानावर नेमकं हेच झालंय.

त्यांचा बॅलन्स्ड अ‍ॅडव्हान्टेज फंड घ्या. असे बहुतेक फंड 65 टक्के किंवा जास्त रक्कम भारतीय शेअर्समध्ये ठेवतात, म्हणून करासाठी ते इक्विटी, म्हणजे शेअरचे, फंड ठरतात. पण त्यातल्या काही शेअर्ससमोर ते फ्युचर्स (पुढच्या तारखेला ठरल्या भावाने विकायचे करार) विकून ठेवतात, त्यामुळे तेवढ्या भागाला बाजाराची चढ-उतार जवळजवळ लागतच नाही. बाजार महाग वाटला की हा झाकलेला भाग वाढवतात. म्हणजे कराच्या दारात तो इक्विटी आणि जोखमीच्या दारात मिश्र. सॉफ्टवेअरने कराचं उत्तर उचललं आणि जोखमीच्या रकान्यात लिहून टाकलं.

तुमच्या एसआयपीतला अमेरिकन शेअर्सचा फंड ऑफ फंड्स याच्या बरोबर उलटा. स्वभावाने तो शंभर टक्के शेअर, बाजार पडला की पडणार. पण करासाठी तो इक्विटी फंड नाही, कारण त्याचे पैसे भारतीय कंपन्यांच्या शेअर्समध्ये नाहीत. 1 एप्रिल 2025 पासून असा फंड 24 महिन्यांहून जास्त ठेवून विकला तर नफ्यावर 12.5 टक्के कर लागतो आणि इक्विटी फंडाला मिळणारी 1,25,000 ची सूट त्याला मिळत नाही. त्याआधी विकला तर नफा उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणे कर. हे दोन फंड एकाच 'इक्विटी' चिठ्ठीखाली ठेवून कुणी कर काढला, तर एकाचा बरोबर येईल आणि दुसऱ्याचा चुकेल.

म्हणून सॉफ्टवेअरचा मुख्य रकाना, 'अ‍ॅसेट क्लास' किंवा जे काही नाव असेल ते, फक्त स्वभावासाठी ठेवा. कराचा प्रकार टॅगमध्ये किंवा शेऱ्यात लिहा. आणि नाव कुणाचं, हे खात्याच्या नावातच यावं : 'सासरे – सिनियर सिटिझन', 'मी – पीपीएफ', असं.

या पद्धतीने सासऱ्यांचं पान मांडू. सिनियर सिटिझन योजनेचे 15 लाख तुम्ही बचत खात्याशेजारी 'बँक' या प्रकारात ठेवले असणार, म्हणून सॉफ्टवेअरने ते गुंतवणुकीत धरलेच नाहीत. सुवर्णरोखे दागिन्यांत गेले. उरला एकटा फंड, तो 'इक्विटी', म्हणून 100 टक्के. आता 15 लाख 'स्थिर उत्पन्न' मध्ये आणा. फंडाच्या ताज्या फॅक्टशीटमध्ये निव्वळ इक्विटी किती ते बघा. समजा 50 टक्के असेल, तर 6 लाखांतले 3 लाख शेअर आणि 3 लाख स्थिर. सोनं बाजूला ठेवलं तरी 21 लाखांत शेअर 3 लाखांचे, म्हणजे 14 टक्के. सॉफ्टवेअर टक्केवारीत वाटणी करू देत असेल तर तशी करा, नसेल तर नुसतं 'हायब्रिड' लिहा. हा आकडा दर महिन्याला हलतो, त्यामागे धावू नका. वर्षातून दोनदा बदललात तरी पुरे.

सुवर्णरोखे दागिन्यांतून काढा. ते सरकारच्या वतीने रिझर्व्ह बँकेने दिलेले रोखे आहेत, मुदत आठ वर्षं, आणि मूळ किमतीवर वर्षाला अडीच टक्के व्याज सहामाहीने खात्यात येतं. स्वभाव सोन्याचा, म्हणून 'सोनं' हा वर्ग बरोबर, पण पाटल्या-बांगड्यांच्या ढिगात नको. दागिना आपण मोडणार नसतो, त्यात घडणावळ असते, आठवणी असतात. रोख्याला मुदतपूर्तीची तारीख असते आणि त्या दिवशी पैसे खात्यात येतात. ती तारीख शेऱ्यात लिहून ठेवा. आणि व्याज 'व्याज उत्पन्न' मध्येच टाका, त्यावर कर लागतो.

व्याजावरून आठवलं, सिनियर सिटिझन योजनेचं तिमाही व्याजही तपासा. 8.2 टक्के दर असेल तर 15 लाखांवर तिमाहीला 30,750 येतात. ही रक्कम कित्येकदा चुकून 'ठेवीतून परत आलेले पैसे' म्हणून लागते, आणि मग कागदावर मुद्दल तिमाही-तिमाहीने झिजत जातं. व्याज हे उत्पन्न आहे, 15 लाख शेवटपर्यंत 15 लाखच दिसायला हवेत. आणि दर 8.2 टक्के असेल तर वर्षाचं व्याज 1,23,000 होतं, 1 लाखाच्या वर, म्हणजे टीडीएसच्या (व्याज देतानाच कापल्या जाणाऱ्या कराच्या) मर्यादेपलीकडे. तेव्हा टीडीएस कापला गेला असेल तर खात्यात आलेला आकडा कमी दिसेल. अशा वेळी उत्पन्न पूर्ण 30,750 लिहा आणि कापलेली रक्कम 'भरलेला कर' म्हणून वेगळी दाखवा. नाहीतर परतावा मागायची वेळ येईल तेव्हा ती कुणाला आठवणार नाही.

आता सासऱ्यांचा रोजचा प्रश्न. नाही, तीन लाखांवर कर नाही. फंडातून काढलेले पैसे म्हणजे त्यांचेच पैसे आणि वर झालेला नफा. 2,10,000 त्यांचे, नफा 90,000. फंड करासाठी इक्विटीत बसत असेल (फंडाच्या कॅपिटल गेन स्टेटमेंटमध्ये ते लिहिलेलं असतं), तर एक वर्षाहून जास्त ठेवलेल्या युनिटांवरचा वर्षभराचा असा सगळा नफा 1,25,000 च्या आत असल्यास त्यावर कर शून्य. दुसरं काही विकलं नसेल तर त्यांना काही भरावं लागणार नाही. फक्त रिटर्नमध्ये तो नफा दाखवायचा. 1,25,000 पर्यंतचा असा नफा आता आयटीआर-1 या साध्या रिटर्न फॉर्ममध्येही दाखवता येतो, पूर्वी त्यासाठी आयटीआर-2 लागायचा. हे वाक्य त्यांना आजच वाचून दाखवा. ऑपरेशननंतर माणसाने असल्या काळजीत बसू नये.

सॉफ्टवेअरमध्ये ही नोंद 'उत्पन्न' म्हणून न ठेवता त्या फंडाच्या खात्यात 'विक्री' म्हणून टाका : किती युनिटं, काय भावाने, एकूण 3,00,000, आणि पैसे बचत खात्याला. खरेदीच्या नोंदी नीट असतील तर नफा ते स्वतः काढेल. विकताना आधी घेतलेली युनिटं आधी गेली असं धरतात, हे लक्षात ठेवा.

इथे मी स्वतः एकदा हात भाजून घेतलाय, म्हणून जरा थांबून सांगते. वहीतून कॉम्प्युटरवर आले तेव्हा जुन्या खरेद्या भरायचा मला कंटाळा आला. सगळे फंड मी एका तारखेला, 1 एप्रिलला, 'सुरुवातीची शिल्लक' म्हणून एकगठ्ठा टाकले. एकूण बरोबर जुळलं आणि मी खूश झाले. चार वर्षांनी मुलीच्या शिक्षणासाठी विकायला गेले, तर सॉफ्टवेअरच्या लेखी सगळी युनिटं एकाच दिवशी, एकाच सरासरी भावाने घेतलेली होती. कुठल्या हप्त्याला किती काळ झाला, काहीच सांगता येईना. जुनी स्टेटमेंटं शोधून दोन रविवार घालवून मी एकेक हप्ता पुन्हा भरला.

तारीख इतकी का जपायची? कारण कराचा नियम तारखेला बांधलेला असतो. एसआयपीचा प्रत्येक हप्ता ही वेगळी खरेदी, त्याचे बारा महिने वेगळे मोजायचे. डेट फंडाची (रोख्यांत पैसे लावणाऱ्या फंडाची) 1 एप्रिल 2023 नंतर घेतलेली युनिटं कितीही वर्षं ठेवली तरी नफा स्लॅबप्रमाणे करपात्र, त्याआधीच्यांना वेगळा नियम. इक्विटी फंडाच्या 31 जानेवारी 2018 पर्यंतच्या खरेदीला त्या दिवसाचा भाव विचारात घ्यायचा असतो. तुम्ही फरकाची एक रक्कम टाकून बेरीज जुळवलीत तर आज अहवाल सुंदर दिसेल, पण या तारखा मेल्या. म्हणून तुमच्या 'पुसू का?' ला माझं उत्तर नाही असं आहे. आहे ती नोंद उघडायची आणि तिची जागा बदलायची. तारीख, रक्कम, बँकेची बाजू तशीच राहू द्यायची.

कामाला बसाल तेव्हा आधी फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. मग फंडांची तपशीलवार एकत्रित स्टेटमेंटं मागवा. कॅम्स आणि केफिनटेक या रजिस्ट्रारच्या संकेतस्थळावर पॅन आणि नोंदवलेला ईमेल दिला की ती मेलवर येतात. 'संक्षिप्त' नको, 'तपशीलवार' मागा आणि कालावधी अगदी सुरुवातीपासूनचा निवडा. सासऱ्यांच्या पॅनवर त्यांचं वेगळं मागवा. प्रत्येक हप्त्याची तारीख, एनएव्ही (एका युनिटचा भाव) आणि युनिटं त्यात सापडतील.

नंतर सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फंडाचं गुंतवणूक प्रकारचं खातं उघडा. खातं उघडताना फंडाचा आयएसआयएन (योजनेची ओळख पटवणारा) क्रमांक स्टेटमेंटवरून बघून घाला. तो बारा अक्षरांचा असतो, म्युच्युअल फंडाचा 'आयएनएफ' ने सुरू होतो. नावावरून फंड निवडाल तर डायरेक्टऐवजी रेग्युलर (मध्यस्थामार्फत घ्यायचा), ग्रोथऐवजी आयडीसीडब्ल्यू (अधूनमधून पैसे वाटणारा) उचलला जायची भीती असते. नावं जवळजवळ सारखी, पण एनएव्ही वेगळी, मग किंमत कधीच जुळत नाही आणि आपण भलतीकडे चूक शोधत बसतो.

आता नोंदी हलवताना एक अडचण येईल. तुमच्या चारही एसआयपींसमोर बँकेत एकच नाव आहे. 'हे नाव दिसलं की अमुक फंडात टाक' असा नियम लावलात तर चारही एकाच फंडात जातील. म्हणून मी एक मधलं खातं ठेवते, नाव दिलंय 'वाटेवरचे पैसे'. बँकेतून गेलेला प्रत्येक हप्ता नियमाने तिथे येतो. युनिटं एक-दोन दिवसांनी मिळाली की तिथून त्या-त्या फंडात वर्ग करते. महिनाअखेर या खात्यात शून्य दिसलं पाहिजे. 5,000 दिसले तर एखाद्या हप्त्याची युनिटं लागायची राहिलीत, उणे 5,000 दिसले तर बँकेची बाजू नोंदवायची राहिली. चूक त्याच महिन्यात पकडली जाते, मार्चची वाट बघावी लागत नाही. आणि जुना 'इतर खर्च' वाला नियम काढून टाकायला विसरू नका. नोंदी दुरुस्त करून नियम तसाच ठेवला तर पुढच्या 5 तारखेला सगळं पुन्हा तिथेच.

हे करताना तुम्हाला 25 पैसे कमी दिसतील. घाबरू नका. 1 जुलै 2020 पासून फंडाच्या खरेदीवर 0.005 टक्के मुद्रांक शुल्क लागतं, म्हणून 5,000 चे 4,999.75 च गुंतवले जातात. चार एसआयपींचा महिन्याला एक रुपया. हे 25 पैसे खर्चात टाका, म्हणजे वाटेवरचं खातं खरोखर शून्यावर येईल.

सगळं झालं की दोन गोष्टी पडताळा. प्रत्येक फंडाची युनिटं स्टेटमेंटशी शेवटच्या दशांशापर्यंत जुळतात का? आणि बँकेची शिल्लक दुरुस्तीच्या आधी होती तेवढीच आहे का? चिठ्ठी बदलल्याने बँकेतला एक पैसाही हलायला नको. हलला असेल तर एखादी नोंद दोनदा पडलीय किंवा उडालीय, तेव्हा पेन ड्राइव्हवरची प्रत उघडा आणि तिथून पुढे चला.

पुढे कधी एखाद्या फंडाचा वर्गच बदलला असं पत्र येईल. सेबीने (शेअर बाजार आणि फंडांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने) ऑक्टोबर 2017 मध्ये फंडांचे वर्ग ठरवून दिले : बाजारमूल्याने पहिल्या 100 कंपन्या लार्ज कॅप, 101 ते 250 मिड कॅप, त्यापुढच्या स्मॉल कॅप, वगैरे. त्यानंतर बऱ्याच योजनांची नावं बदलली, काही एकमेकींत विलीन झाल्या. 2020 अखेर फ्लेक्सी कॅप हा नवा वर्ग आला तेव्हा बरेच मल्टी कॅप फंड तिकडे गेले. अशा वेळी फक्त चिठ्ठी बदलायची. विक्री आणि नवी खरेदी अशी नोंद करायची नाही, कारण तुम्ही काहीच विकलेलं नसतं. विलीनीकरणात युनिटांची संख्या बदलते, पण जुनी तारीख आणि जुनी किंमत पुढे चालते. याउलट रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये तुम्ही स्वतः स्विच केलंत तर ती खरी विक्री, तिथे कर लागू शकतो.

विम्याचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण घरात पॉलिसी असणारच. टर्म आणि मेडिक्लेमचा हप्ता हा खर्च, विनातक्रार खर्च. मनीबॅक किंवा एन्डोमेंट असेल तर मी तिची सरेंडर किंमत वर्षातून एकदा विचारून तेवढीच मालमत्तेत धरते. भरलेले सगळे हप्ते मालमत्ता म्हणून दाखवणं मला पटत नाही, कारण आज मोडली तर तेवढे हातात येत नाहीत.

एवढं सगळं एका बैठकीत होणार नाही. पहिल्या रविवारी फक्त चार एसआयपी आणि पीपीएफ करा आणि नवा अहवाल मिस्टरांसोबत बसून बघा, 33,000 आणि 8,000 शेजारी ठेवून. दुसऱ्या रविवारी सासऱ्यांचं पान. ते वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, तुमच्यात मिसळू नका. त्यांचा पैसा त्यांच्या वयाच्या गरजेने लावलेला आहे आणि रिटर्नही त्यांचं वेगळं जातं. पान तयार झालं की मोठ्या अक्षरांत छापून त्यांच्या हातात द्या. वर सिनियर सिटिझनचे 15 लाख, खाली फंडाचे 6 लाख, मग रोख्यांचे 20 ग्रॅम आणि मुदतीची तारीख, आणि सगळ्यात शेवटी दिवाळीच्या विक्रीची ओळ : नफा 90,000, कर शून्य.